खुर्चीचा दमा

स्नानगृहाच्या दारातून आत शिरायला त्या दिवशी मला कोपरं वापरावी लागली. जिथे वर्षानुवर्षं सकाळी चार म्हातारे आणि एक गुडघेदुखीवाली शिंपीणबाई एवढीच गिऱ्हाइकं असायची, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. लोक टॉवेल गुंडाळून जिन्यावर उभे होते. बूट ठेवायच्या फळ्यांवर पोरं चढून बसली होती. वाफेनं धुरकटलेल्या काचेला नाकं लावून बायका आत डोकावत होत्या. प्रत्येकाच्या अंगाला कसलंसं हिरवट तेल चोपडलेलं होतं, आणि त्याचा वास असा उग्र, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आजी, रांग आहे," एका टॅक्सीवाल्यानं मला अडवलं. टॉवेल गुंडाळलेला असूनसुद्धा त्यानं आपली टोपी काढली नव्हती, म्हणून तो टॅक्सीवाला हे कळत होतं.

"बाबा रे, या दाराला पहिला रंग मी दिलाय," मी म्हटलं. "मला रांग शिकवू नकोस. माझी बहीण आत आहे."

"मग नशीबवान आहे तुमची बहीण! काल माझ्या सासूच्या अंगातून वाटीभर रोग निघाला."

"वाटीभर?"

"या डोळ्यांनी पाहिला. काळाकुट्ट! सासूच्या मानानं कमीच म्हणायचा."

हे स्नानगृह म्हणजे काय, ते आधी सांगते. गरम पाण्याचे तीन मोठे टब. टबांच्या भिंतींत जेट बसवलेले, म्हणजे पाण्याची छोटी छोटी तोंडं. पंप सुरू झाला की त्यांतून जोरदार झोत निघतो आणि दुखऱ्या पाठीवर, गुडघ्यांवर आदळतो. माणूस बाहेर आला की घटकाभर तरी आपण तरुण आहोत असं त्याला वाटतं. माझ्या नवऱ्यानं आणि मी ते उभं केलं. नवरा गेल्यावर कारभार माझ्या दिराकडे आला, आणि मी माझ्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेले. तीही एकटीच, एका मुलीला घेऊन राहणारी.

दीर म्हणायचा, पण तो माझा मुलगाच. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. त्याचं नाक पुसता पुसता मी त्याला "अहो भावजी" म्हणायला लागले आणि जन्मभर अहो-जाहोच करत राहिले. आधी माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, मग कंबर धरली, त्यामुळे बरेच महिने मी स्नानगृहाकडे फिरकले नव्हते. भावजी मात्र न चुकता घरी येऊन बसायचे. "कसं चाललंय?" विचारलं की म्हणायचे, "झकास, वहिनी. तुम्ही काळजी नका करू."

त्यांचं झकास हे असं होतं.

मधल्या टबाच्या काठावर पांढरा झगा घालून एक गुटगुटीत माणूस बसला होता. हे पाणीबाबा. पाय पाण्यात, डोळे अर्धे मिटलेले, आणि आवाज लोण्यासारखा मऊ.

"पाणी विसरत नाही!" ते म्हणत होते. "आईच्या पोटात तुम्ही पाण्यातच होतात. तेव्हापासूनचं सगळं पाण्याला ठाऊक आहे. डॉक्टर तुमचं रक्त काढतो. मी तुमचं पाणी काढतो!"

लोकांनी "अहाहा" केलं. या वाक्याचा अर्थ काय, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

टबात बेकरीवाली बसली होती. पाणी काचेसारखं स्वच्छ, पंपाची घरघर चालू, पण तिच्या बाजूचे जेट मुके.

"पाणी गप्प का आहे, माते? तू काहीतरी गिळून बसलीयस म्हणून. बोल. सोड ते."

बेकरीवालीनं आजूबाजूला पाहिलं. "मी... जावेची तांब्याची पातेली परत नाही दिली. हरवली म्हणून सांगितलं."

"आणि दुखतं कुठे?"

"डावा खांदा."

"पातेली कोणत्या हातानं उचललीस?"

"दोन्ही हातांनी," ती बिचारी खरं तेच बोलली.

"पण आधी डाव्या!" बाबांनी टाळी वाजवली, एका वाडग्यातली पांढरी पूड पाण्यात भिरकावली आणि हात वर केला. त्याबरोबर डावीकडचे जेट खाकरल्यासारखे गुरगुरले, फेस उसळला आणि त्या फेसातून काळ्या-तपकिरी पापुद्र्यांचे पुंजके भसाभसा बाहेर पडले. पाणी गढूळ झालं. बेकरीवाली हुंदके देऊ लागली. लोकांनी तोंडात बोटं घातली.

मी पाहत होते ते भिंतीकडेच्या लाकडी बाकाकडे. तिथे नवाकोरा पांढरा कोट घालून आमचे भावजी बसले होते. मान भक्तिभावानं झुकवलेली, एक हात मांडीवर, दुसरा बाकाखाली. माझी नजर पडताच ते लगबगीनं दुसरीकडे पाहू लागले.

टब उपसून पुन्हा भरला गेला. पुढचा नंबर माझ्या बहिणीचा होता.

तिला लहानपणापासून दमा. मला न सांगता ती इथे यायला लागली होती. तिनं घरी आणलेल्या स्नानगृहाच्या टॉवेलांना येणाऱ्या तेलाच्या वासावरून मला सुगावा लागला, म्हणून तर मी आले होते. मी हाक मारणार, एवढ्यात बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझ्या छातीवर कुणीतरी निजलंय," ते हळूच म्हणाले. "एक बाळ. तिनं डोळेच उघडले नाहीत. तू तिचं नाव ठेवलं होतंस, पण कुणाला सांगितलं नाहीस."

आणि त्यांनी वाकून तिच्या कानात एक शब्द सांगितला.

माझ्या बहिणीनं जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. "ताई!" गर्दीत मला पाहून ती ओरडली. "ताई, यांना तिचं नाव ठाऊक आहे गं!"

मी कुठल्या बाबाबुवाला न मानणारी बाई. पण त्या क्षणी मीही मानलं, हे कबूल करायला हवं. समोर जेट फुटले, काळं पाणी उसळलं, आणि त्या काळ्या पाण्यात माझी बहीण लहान मुलीसारखी रडत आणि हसत होती. मग बाबांनी तिच्यापुढे एक टोपली धरली. टोपलीत गोळ्यांच्या पट्ट्या, औषधाच्या बाटल्या आणि लोकांचे चष्मेसुद्धा होते.

"पाणी आणि औषध एका घरात नांदत नाहीत," बाबा म्हणाले.

तिनं दम्याचा पंप टोपलीत टाकला. मी पुढे होईपर्यंत टोपली हलली होती.

त्या आठवड्यातच तिला ताप भरला. खोकल्यानं ती वाकून जायची, श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायची. नवा पंप आणून दिला तर तिनं तो खिडकीतून फेकला. "रोग वर येतोय, ताई. बाबा म्हणालेच होते. शेवटचं एक स्नान राहिलंय, ते झालं की सगळं निघून जाईल."

तिची मुलगी, माझी भाची, शाळेत विज्ञान शिकवते. आईचे केस विंचरताना तिला कंगव्यात एक काळा पापुद्रा सापडला. तो घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि पांढऱ्या बशीत माझ्यासमोर ठेवला.

"मावशी, हा आईचा रोग. ओळखतेस का याला?"

मी बोटानं तो चोळला. बुळबुळीत. वास घेतला.

"अगं, ही तर नळीतली घाण," मी म्हटलं. "हिच्याशी माझी अर्ध्या जन्माची ओळख आहे."

आणि मग मी तिला सांगितलं. गरम पाणी, अंगाचं तेल, मळ, साबण हे सगळं पंपातून फिरतं, आणि टबामागच्या नळ्यांना आतून सायीसारखा थर धरतं. त्या थरात जंतू सुखानं नांदतात. पाण्यातला क्षार जेटच्या तोंडाशी साठतो, मग आतला फिरणारा गोळा अडकतो आणि जेट मुका होतो. म्हणून आमच्याकडे दर सोमवारी स्नानगृह बंद असायचं. आम्ही सगळे कोरड्या टबात उतरायचो. जेटचं कडं डावीकडे फिरवून तो अलगद उपटायचा. पक्कड लावायची नाही, नाहीतर आतला खटका तुटतो. सगळे जेट बादलीभर पातळ व्हिनेगरमध्ये बुडवायचे, आणि क्षार मऊ झाला की जुन्या दातांच्या ब्रशानं घासत गप्पा मारायच्या. नवऱ्याचे विनोद, माझी गाणी, आणि भावजी सगळ्यांत वेगानं घासणारे. लहान बोटं होती ना, जेटच्या घशात सहज शिरायची. जेट काढायच्या आदल्या रात्री पाण्यात नळ्या धुवायची पांढरी पूड घालून पंप चालवायचा. मग फेस यायचा आणि...

मी थांबले.

"आणि काळे पापुद्रे निघायचे," भाचीनं वाक्य पुरं केलं.

"ते पाणी आम्ही लगेच सोडून द्यायचो. त्यात कुणाला बोटसुद्धा बुडवू द्यायचो नाही."

"म्हणजे बाबाची पूड तीच. पण मावशी, तू त्या बेकरीवालीचं सांगितलंस ना? डावा खांदा म्हटलं की डावीकडचेच जेट कसे सुटतात?"

"बाकाखाली एक मूठ आहे. या अंगाला फिरवली की पाणी डावीकडे, त्या अंगाला फिरवली की उजवीकडे. मधोमध ठेवली तर दोन्हीकडे नुसतं ठिबकतं."

"बाकावर कोण असतं?"

मी बशी दूर सारली. भाची म्हणाली, "पण ते नाव, मावशी? ज्या बाळाबद्दल आई झोपेत बडबडते?"

तिला तोवर काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. तिच्या आधी एक मुलगी झाली होती, मेलेलीच. बहिणीचा नवरा तेव्हा जहाजावर, दूर समुद्रात. तिला पुरायला नेताना माझा नवरा गाडी चालवत होता. मी इस्पितळात बहिणीजवळ बसले होते. ती छोटी पेटी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसला तो माझा दीर. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. परत आल्यावर त्यानं रडत विचारलं, "वहिनी, तिला काय म्हणायचं?" बहिणीनं फक्त मला सांगितलेलं नाव मी त्याच्या कानात सांगितलं, आणि म्हटलं, कुणाला सांगू नका भावजी, हे आपल्यातच राहू दे. माझ्या नवऱ्यालाही मी ते कधी सांगितलं नाही.

"म्हणजे नाव माहीत असलेली माणसं तीन," भाची हलक्या आवाजात म्हणाली. "आई, तू आणि काका."

मला तोवर बाबाचा राग येत होता. त्या क्षणी तो राग कुठल्या कुठे गेला. बाबा परका, तो फसवणारच. फसवणं हाच त्याचा धंदा. पण जेट घासून घासून ज्याच्या बोटांची सालटी निघाली होती, त्याला ते काळं पाणी काय आहे हे ठाऊक होतं. माझ्या बहिणीला त्या घाणीत बसलेली पाहून तो मान झुकवून बसला होता. आणि त्या आधी त्यानं ते नाव एका ढोंग्याला देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई घरी आल्या. छाती तपासून त्यांनी मान हलवली. "फुफ्फुसाला सूज आहे. घाण गरम पाण्याच्या तुषारांतून जंतू श्वासाबरोबर आत जातात. हे तसंच दिसतंय. आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायला हवं."

"मी येणार नाही," बहीण म्हणाली. तिचे ओठ निळसर झाले होते. "माझं स्नान राहिलंय. आणि औषध घेतलं की पाणी कोपतं."

"आई," भाची पलंगावर बसली, "तुझ्या अंगातून काळं निघालं, हे खरं?"

"सगळ्यांनी पाहिलं."

"मग टबात कुणीच नसलं तर काळं निघणार नाही. बरोबर?"

"कसं निघेल?"

"मग पैज. इस्पितळाच्या वाटेवरच स्नानगृह आहे. तुझ्यासमोर रिकामा टब चालवायचा. पाणी स्वच्छ राहिलं, तर मी बाबाविरुद्ध परत ब्र काढणार नाही, तू खुशाल स्नान कर. काळं झालं, तर तू सरळ डॉक्टरांच्या गाडीत बसायचं."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, तूही आहेस यात?"

"आहे."

"ठीक आहे," ती म्हणाली. "तोंडघशी पडाल दोघी."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "थांबायचं अगदी थोडा वेळ. हिला दारातून आत नेणार नाही, आणि नाकातोंडाला ओला रुमाल बांधायचा." त्यांनी गाडी अगदी दाराशी लावली.

स्नानगृहात तीच गर्दी. टब नुकताच भरलेला, पाणी नितळ. दारातल्या खुर्चीवर बहिणीला ब्लँकेटमध्ये गुंडाळून बसवलं. तिथून तिला सगळं दिसत होतं. भाचीनं शेजारची दुसरी प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि तरातरा टबाकडे गेली.

"बाबा, आज आधी हिला स्नान घाला."

बाबांनी डोळे उघडले. "कुणाला?"

"या खुर्चीला. हिचा एक पाय लुळा आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मुली," बाबा गोड हसले, "खुर्चीला आत्मा नसतो. तिला रोग कसा असेल?"

"नाहीच ना? म्हणजे काळं पाणी निघणार नाही. मग घाबरता कशाला?"

"पाण्याला थट्टा खपत नाही."

"मी थट्टा करत नाहीये. शाळेत आम्ही असंच करतो. औषध घातलेली नळी एक आणि न घातलेली एक, दोन्ही शेजारी ठेवतो. नाहीतर कशानं काय झालं, हे कळणार कसं?"

"आज पाण्याचा मौनवार आहे," बाबांनी जाहीर केलं.

"मौनवार?" टोपीवाला टॅक्सीवाला पुढे आला. "अहो, सकाळपासून चांगलं बडबडतंय की! घाला खुर्ची, बघू या तरी!"

"घाला, घाला!" मागून आवाज उठले. बेकरीवाली मात्र किंचाळली, "अरे, पाप लागेल!" तिच्या दोन्ही हातांवर लाल पुरळ उठलं होतं. रोग वर येतोय म्हणून ती ते सगळ्यांना कौतुकानं दाखवत होती. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला आणि पुरळ निरखून पाहू लागल्या.

भाचीनं खुर्ची पाण्यात सोडली. बाबांच्या हाताखालचा पुडीचा वाडगा उचलून टबात उपडा केला. आता उरली होती ती मूठ.

मी बाकापाशी गेले.

"उठा, भावजी."

ते उठले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, नका करू हे. चारचौघांत नका. घरी बोलू."

"ऊठ," मी म्हटलं.

त्याला जन्मात मी पहिल्यांदाच असं म्हटलं होतं. तो उठला. मी वाकून बाकाखाली हात घातला. मूठ अजून कोमट होती. मी ती डावीकडे फिरवली.

जेट खाकरले. फेस उसळला. आणि त्या रिकाम्या टबात, त्या लुळ्या पायाच्या खुर्चीभोवती, काळ्या पापुद्र्यांचे पुंजके भसाभसा बाहेर पडले. मी मूठ उजवीकडे फिरवली. उजवीकडूनही तेच. सगळं पाणी चहासारखं झालं.

मग टॅक्सीवाला टोपी काढून म्हणाला, "अरे देवा. खुर्चीला दमा झाला."

हसण्याचा असा स्फोट झाला की काचा थरथरल्या. भाचीनं पंप बंद करून पाणी सोडलं. मी काठावर बसले, एका जेटचं कडं डावीकडे फिरवलं आणि तो उपटून वर धरला. त्याच्या मागून काळपट जेलीसारखी लांब शेपटी लोंबत आली. पुढच्या रांगेतल्या दोघींनी तोंडावर टॉवेल धरला.

"हा तुमचा रोग," मी म्हटलं. "हा तुमच्या अंगातून निघत नव्हता, तुमच्या अंगावर जात होता. बाबांचं तेल चोपडून तुम्ही पाण्यात बसायचात, ते तेल नळीत जायचं, त्यावर ही घाण पोसायची, आणि तीच पुडीनं सुटून तुमच्या तोंडाशी यायची. पुढच्या माणसासाठी हिला तुम्हीच खायला घालत होतात."

"आणि हे पुरळ," डॉक्टरीणबाई बेकरीवालीचा हात वर धरून म्हणाल्या, "याच पाण्यानं आलंय. ज्यांना ज्यांना असं उठलंय किंवा खोकला आहे, त्यांनी माझ्याकडे या. आणि आपापली औषधं टोपलीतून परत घ्या."

टोपलीवर झुंबड उडाली. चष्मे नाकांवर चढवून पाहिले जाऊ लागले, कुणाचा कुणाला लागेना. त्या गडबडीत बाबा झगा सावरत मागच्या दाराकडे सरकत होते. "पाणी बाटलं," एवढंच पुटपुटत ते गेले. दोघेतिघे मागे धावले. आणि एक गृहस्थ अगदी शांतपणे मला म्हणाले, "आजी, त्या खुर्चीवर आधी कुणीतरी रोगी बसला असणार."

मी बहिणीकडे वळले. ती हसत नव्हती. रुमालाआडून धापा टाकत घोगऱ्या आवाजात बोलली.

"पाण्याचं कळलं, ताई. पण नाव? ते तर नळीत नव्हतं."

हे मला तिला सांगायचं नव्हतं. पण सांगायची गरजच पडली नाही. तिनं माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मागे दीर उभा होता. त्याचा चेहरा पाहिला असता तर आंधळ्यालाही कळलं असतं.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत?"

त्यानं मान खाली घातली.

"तुमच्याच मांडीवर होती ना ती? ताईनं सांगितलं होतं मला. सबंध रस्ताभर तुम्ही पेटीवर हात ठेवून होतात म्हणे. मला किती बरं वाटायचं त्या आठवणीनं."

तो रडायला लागला. बहिणीनं भाचीपुढे हात केला. "चल, बाळा. इस्पितळात चल."

ती वाचली. पण इस्पितळातल्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, तेच खरं झालं. तिची छाती पहिल्यासारखी झाली नाही. आता जिन्याच्या मध्यावर ती थांबते, कठड्याला धरून उभी राहते आणि काही झालंच नाही असं दाखवते.

दीर इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये आला होता. बहिणीनं त्याला आत येऊ दिलं नाही, म्हणून मीच बाहेर गेले. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की का?

"दादा गेल्यावर माझ्या हातून सोमवारचं घासणं राहत गेलं," तो म्हणाला. "जेट तुंबले. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. एके दिवशी हा माणूस टबात बसला होता आणि एक जेट अचानक सुटला. त्याच्या अंगावर घाण उडाली. मी माफी मागणार, तेवढ्यात शेजारची बाई म्हणाली, यांच्या अंगातून काय निघालं बघा! आणि तो माणूस माझ्याकडे बघून नुसता हसला. मी गप्प बसलो, वहिनी. नुसता गप्प बसलो. मग दुसऱ्या दिवशी लोक आले. मला विचारायला लागले, आम्हाला आत सोडाल का हो? जन्मभर मी कुणाचा तरी धाकटा भाऊ होतो. पहिल्यांदाच माझ्या समोर कुणी वाकलं."

"आणि नाव?"

"तो विचारायचा, कोण येणार, कुणाच्या घरात काय दुःख आहे. मी सांगत गेलो. मला वाटलं, तिचं मन मोकळं होईल."

"तिचं मन मोकळं करायला, तू घरी यायचास तेव्हा तिच्याशेजारी बसायचं होतंस."



वाचणाऱ्यांना माझं सांगणं फार मोठं नाही. चमत्कार दिसला की डोळ्यांवर अविश्वास दाखवू नका. डोळ्यांनी पाहिलेलं काळं पाणी खरंच काळं होतं. पण ते कुठून आलं, हे विचारा. माणूस बाजूला करून बघा, पूड बाजूला करून बघा, काठावरच्या सेवेकऱ्याला बाजूला करून बघा. जो चमत्कार रिकाम्या टबातही होतो, तो तुमच्यासाठी होत नव्हता. कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर थक्क होण्याआधी मोजा, की ते आणखी कुणाला ठाऊक होतं. मोजायला वाईट वाटतं, मी सांगते, फार वाईट वाटतं, कारण उत्तर बहुतेक वेळा आपल्याच घरात निघतं. तरी मोजा. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कुठल्याही टोपलीत टाकू नका.

त्या दिवशी कॉरिडॉरमधून निघताना दिरानं माझा हात धरला. सगळे टब रिकामे केलेत, म्हणाला. नळ्या धुतल्या, सगळे जेट उपटून घासले, दारावर पाटी लावून काय झालं ते लोकांना सांगितलं. "आता तरी माझ्यावर विश्वास ठेवा, वहिनी."

मी हात सोडवून घेतला. "विश्वास आता नाही ठेवणार," मी म्हटलं. "येऊन बघेन."